थंडीची लाट आणि केळीची बाग

केळीला हिवाळा मानवत नाही, हे आमच्या गावातल्या मुलांना शाळेत जाण्याआधीच कळते. देडतलाई हे माझे गाव मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, अगदी महाराष्ट्राच्या हद्दीजवळ आहे. पलीकडे अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि मेळघाटाचे डोंगर, अलीकडे तापीचे खोरे. घरात मराठी, बाजारात निमाडी व हिंदी आणि शेतावर कोरकू, अशी तिथली बोली. आमच्या निमाडात थंडीने पीक करपले म्हणजे 'पाला पडला' असे म्हणतात. इकडे शिकायला आल्यावर मी एकदा खोलीतल्या मित्राला म्हणालो, 'गावाकडे पाला पडला, बाग गेली.' तो सहज म्हणाला, 'पाला पडला तर झाडून काढा. बाग कशी जाईल?' मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. निमाडीत आणि हिंदीत पाला म्हणजे गोठलेले दंव. त्याला समजावून सांगताना माझ्या ध्यानात आले की, आपली बाग थंडीने नेमकी का जाते आणि ती वाचवण्यासाठी आपण जे करतो त्यातले खरे उपयोगाचे किती, हे मलाही धड सांगता येत नव्हते. पुढे ग्रंथालयात बसून आणि शेतात उभे राहून जे समजले, ते येथे मांडतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. थंडीने होणारी इजा दोन प्रकारची असते. पारा शून्याच्या खाली गेला की वनस्पतीच्या ऊतींतील पाणी गोठते, बर्फाचे स्फटिक तयार होतात, पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशी मरतात. ही गोठण्याची इजा. काश्मीरचे सफरचंद पानगळ करून, झोपी जाऊन ही वेळ निभावते. केळी, पपई, आंबा ही उष्ण कटिबंधातील झाडे मात्र शून्याची वाट पाहत नाहीत. पाणी गोठण्याच्या पुष्कळ आधी, दहा-बारा अंश सेल्सियसलाच केळीचे बिघडू लागते. ही दुसरी, निव्वळ गारठ्याची इजा होय.

पाणी गोठलेले नसताना झाड आजारी का पडते? याचे उत्तर आपल्या न्हाणीघरात आहे. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते, पण स्वयंपाकघरातले करडईचे तेल पातळच राहते. दोन्ही तेलेच, फरक त्यांतील मेदाम्लांच्या घडणीचा. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती जे पातळ पटल असते तेही स्निग्ध पदार्थांचेच बनलेले असते. थंड प्रदेशातील वनस्पतींच्या पटलांत करडईच्या तेलासारखी, सहजी न थिजणारी द्रव्ये अधिक. उष्ण प्रदेशातील वनस्पतींत ती कमी. पारा उतरला की केळीच्या पेशीचे पटल अर्धवट थिजते, त्याची लवचिकता जाते, आत-बाहेर होणारी देवाणघेवाण बिघडते. मुळांना गारवा लागला की जमिनीत पाणी असूनही ती ते ओढू शकत नाहीत. म्हणूनच थंडीच्या सकाळी ऊन चढू लागले की ओल्या वावरात उभी असलेली केळ तहानलेल्यासारखी मलूल दिसते.

घरात कोणी नवखा माणूस केळी फ्रीजमध्ये ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी साल काळी पडते, तो हाच प्रकार. केळीची वाहतूक करणारे शीतगृहसुद्धा तेरा-चौदा अंशांच्या खाली नेत नाहीत. त्याहून गार झाले की सालीखालच्या चिकाच्या वाहिन्या तपकिरी पडतात, आणि असे फळ पुढे पिकवले तरी त्यावर तो सोनेरी पिवळा रंग चढत नाही. राखेसारखा मळकट रंग येतो. बागेतल्या घडालाही हेच होते. खानदेशात आणि आमच्याकडे याला 'चरका बसला' म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे.

केळीला सर्वांत मानवणारे तापमान सत्तावीस अंशांच्या आसपास असते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आठ-दहा दिवसांत एक नवे पान उमलते. हिवाळ्यात त्याच पानाला दोन-तीन आठवडे लागतात, आणि किमान तापमान दहाच्या खाली रेंगाळले की पोंग्यातले पान जागच्या जागी थांबते. याहून वाईट म्हणजे निसवण अडकणे. केळफूल कंदापासून खोडाच्या पोटातून वर चढत येते आणि माथ्यावर बाहेर पडते. थंडीत दांडा पुरेसा लांबत नाही, वरची पाने एकमेकांना चिकटून गळा आवळतात आणि कमळ तिथेच कोंडते. कधी ते खोडाच्या कुशीतून फाटून बाहेर येते, कधी अर्धे बाहेर, अर्धे आत राहते. अशा घडाच्या फण्या वेड्यावाकड्या भरतात. वर्षभराची मेहनत त्या एका वीतभर जागेत अडकलेली असते.

आता थंडी येते कशी ते पाहू. भारतीय हवामान विभाग मैदानी भागात किमान तापमान दहा अंश किंवा त्याहून खाली उतरले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असले म्हणजे थंडीची लाट मानतो. चार अंशांच्या खाली गेले तर सरासरी न पाहताच लाट म्हणतात. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पुढे गेले की उत्तरेचे कोरडे वारे मोकळे सुटतात. आमच्याकडे आधी एक-दोन दिवस आभाळ येते, एखादी सर पडते, लोक म्हणतात, थंडी गेली. पण धोका पुढेच असतो. आभाळ स्वच्छ होते, वारा पडतो, चांदण्या लखलखू लागतात, आणि ती रात्र बाग खाते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस हेच झाले. २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता आणि त्याच दिवसांत नाशिक जिल्ह्यातील निफाडला तो दोन अंशांच्या आसपास होता. ज्या नागपूरच्या उन्हाळ्याच्या गोष्टी आपण ऐकतो, त्याच नागपूरची ही गोष्ट आहे.

वारा पडलेली, निरभ्र रात्र वाऱ्याच्या रात्रीपेक्षा घातक का, हे समजल्याशिवाय पुढचे उपाय समजणार नाहीत. दिवसभर तापलेली जमीन आणि झाडे रात्री आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत असतात. ढग असले तर ते त्यातला मोठा भाग परत पाठवतात. आभाळ म्हणजे पृथ्वीची गोधडी असे म्हटले तरी चालेल. गोधडी निघाली की उष्णता सरळ निघून जाते. पान पातळ असल्याने ते सर्वांत आधी गार होते, इतके की भोवतालच्या हवेपेक्षाही ते दोन-तीन अंशांनी थंड असू शकते. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पांढऱ्या जाळीदार पेटीत सावलीत असतो. वर्तमानपत्रात आठ अंश छापून येतात तेव्हा उघड्यावरच्या पानाचा अनुभव सहा-पाचचा असू शकतो. विम्याच्या योजना मंडळाच्या केंद्रावरील आकड्यावर चालतात, आणि शेतकरी आपल्या बांधावरच्या थंडीबद्दल बोलत असतो. दोघेही खोटे नसतात आणि तरीही त्यांचे जुळत नाही.

पानाला स्पर्शून गार झालेली हवा जड होते आणि उताराने खाली वाहू लागते. वर, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. म्हणजे नेहमीच्या उलट, जितके खाली तितके गार. हे मी पुस्तकात वाचले खरे, पण त्याचा अर्थ मला एका नुकसानीने शिकवला.

आमचे शेत रस्त्याकडून नाल्याकडे उतरते. नाल्याच्या बाजूला काकांनी शेवरीचे दाट कुंपण लावले होते आणि रानडुकरांसाठी त्याला हिरवी जाळी बांधली होती. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना जानेवारीत सुट्टीवर आलो, त्याच आठवड्यात थंडीचा कडाका पडला. मृगबाग निसवणीला आली होती. सोसायटीचे कर्ज त्याच घडांवर फेडायचे होते. काकांनी वरच्या कोपऱ्यात पऱ्हाटीचा मोठा ढीग पेटवला आणि धूर दाट व्हावा म्हणून त्यात दोन जुने टायर टाकले. गावात तेव्हा सगळेच तसे करीत. धूर वर न जाता आडवा पसरला आणि हळूहळू नाल्याकडच्या ओळींत जाऊन बसला. आम्हांला बरे वाटले. म्हटले, खालच्या झाडांवर पांघरूण पडले. आमचा सालदार, कोरकू म्हातारा, शेकोटीजवळ बसून खोकत होता. तो म्हणाला, 'थंडी पाण्यासारखी खाली जाते. तुम्ही पाण्याला वाट ठेवता, हिला का नाही ठेवत?' मी पुस्तकी पोरगा. मी हसलो.

पहाटे सगळे हिरवेच दिसत होते. इजा लगेच दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. चौथ्या-पाचव्या दिवशी नाल्याकडच्या बारा ओळींची पाने कडेने पिवळी पडली, मग तपकिरी, मग कागदासारखी. कमळे अडकली. वरच्या ओळींना फारसे काही झाले नाही. माल निघाला तेव्हा व्यापाऱ्याने खालच्या ओळींचा घड हातात घेऊन सालीवरून नख ओढले, आतली तपकिरी रेघ दाखवली आणि तो अर्ध्याहून कमी भावाने मागितला. काका काही बोलले नाहीत. त्या वर्षी कर्ज फिटले नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पुढच्या हिवाळ्यात मी सहा साधे तापमापक नेले आणि बांबूंना बांधून वरपासून खालपर्यंत उभे केले. तीन रात्री कंदील घेऊन नोंदी केल्या. पहाटे पाचच्या सुमारास वरच्या टोकाला आणि शेवरीच्या कुंपणापाशी तीन अंशांचा फरक होता. म्हाताऱ्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. थंड हवा उताराने येत होती आणि आमचे दाट कुंपण तिला धरणाच्या भिंतीसारखे अडवीत होते. त्या धरणात आमच्या बारा ओळी बुडत होत्या. आदल्या वर्षी धूर खाली जाऊन बसला तोही याच हवेबरोबर. धुराने बाग वाचवली नाही, पण थंडी कुठे साचते ते त्याने आम्हांला आदल्या वर्षीच डोळ्यांसमोर काढून दाखवले होते. आम्हीच ते वाचले नाही. काकांनी कुंपणाला नाल्याच्या बाजूने पंधरा-पंधरा फुटांच्या तीन वाटा पाडल्या आणि खालची दाट पालवी गुडघ्याच्या वरपर्यंत छाटली. डुकरांसाठी तारा ठेवल्या. फरक निम्म्यावर आला.

याचा अर्थ वारारोधक कुंपण नको असा नाही. उत्तरेचा कोरडा वारा वाहत असतो त्या दिवसांत शेवरी किंवा गजराज गवताची ओळ बागेला फार आधार देते. पाने फाटत नाहीत, ओल टिकते. पण ते उत्तरेला आणि वरच्या अंगाला दाट असावे, उताराच्या पायथ्याशी मोकळे असावे. दिशेचा हा विचार मला कोणत्याही पत्रकात वाचायला मिळाला नव्हता.

आता धुराचे. धूर उष्णतेला अडवतो ही समजूत आमच्याच गावात आहे असे नाही. जगात सर्वत्र ती होती. परंतु धुराचे कण फार बारीक असतात, बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, आणि जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेच्या लहरींची लांबी त्यांच्या दसपट असते. त्या लहरी धुरातून आरपार जातात. धुके अडवते, कारण त्याचे थेंब मोठे असतात. धुराने उलट एक अपकार होतो: सकाळी सूर्याची किरणे तो अडवतो आणि बागेला ऊब मिळायला उशीर लागतो. टायरच्या धुराबद्दल तर बोलायलाच नको. तो माणसांच्या छातीत जातो. शेकोटीचा उपयोग आहे तो तिच्या आगीचा, धुराचा नव्हे. आणि तिथेही एकच मोठा जाळ करू नये. मोठ्या जाळाची तापलेली हवा वेगाने वर चढते, वरच्या उबदार थराला भोक पाडून निघून जाते, आणि तिच्या जागी बाहेरची गार हवा ओढली जाते. ओळींच्या मधून, अंतराअंतराने, तुऱ्हाटी-पऱ्हाटीच्या लहान लहान शेकोट्या पहाटे तीननंतर पेटवल्या तर त्यांची ऊब झाडांच्या उंचीत राहते.

ऊब किती लागते, याचा हिशेब मी एकदा करून पाहिला. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांनी तो पडताळून पाहावा. निरभ्र रात्री एका चौरस मीटरमधून सुमारे सत्तर वॅट उष्णता निघून जाते असे धरू. एकराचे ४,०४७ चौरस मीटर. दहा तासांची रात्र. म्हणजे एकरी जवळजवळ २४ लाख किलोकॅलरी. कोरड्या लाकडातून किलोमागे साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी मिळतात, तेव्हा ही सगळी तूट आगीने भरायची तर एका रात्रीला एकरी सातशे किलो लाकूड जाळावे लागेल, तेही एक ठिणगीसुद्धा वर न जाता. जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसाने हा आकडा विसरू नये. सुदैवाने सगळी तूट आपल्याला भरायची नसते. तिचा मोठा भाग जमीन स्वतःच आपल्या पोटातून देते, आणि दोन-तीन अंश वाचवले तरी पुष्कळदा बाग वाचते.

म्हणून खरा उपाय जमिनीकडे वळतो. बुऱ्हाणपूर पाहायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही कुंडी भंडारा दाखवतो. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखाना बुऱ्हाणपुरास सुभेदार असताना, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणण्याची ती योजना झाली. पौषात खाली उतरले की अंगावरचे स्वेटर काढावेसे वाटते. जमिनीत काही मीटर खोलीवर तापमान वर्षभर जवळजवळ सारखे, म्हणजे त्या जागेच्या वार्षिक सरासरीइतके राहते. आमच्याकडे ते पंचवीस अंशांच्या आगेमागे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी थंडीच्या रात्री हाताला कोमट लागते ते यामुळेच. हे पाणी पंचविसावरून दहापर्यंत निवताना दर लिटरमागे पंधरा किलोकॅलरी सोडते.

पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी १,७४२ झाडे बसतात. ठिबकने झाडामागे बारा लिटर दिले तर एकवीस हजार लिटर होतात, आणि त्यांतून सव्वातीन लाखांच्या आत किलोकॅलरी मिळतात. तुटीच्या एक अष्टमांश म्हणा. जुन्या पद्धतीने पाटाने पाच सेंटिमीटर पाणी भरले तर दोन लाख लिटर लागतात आणि तीस लाख किलोकॅलरी मिळतात, म्हणजे रात्रीच्या तुटीपेक्षाही अधिक. आमचे आजोबा म्हणत, 'मोट होती तेव्हा थंडीची एवढी भीती नव्हती.' मी याला म्हाताऱ्यांचे बोलणे समजत होतो. पण ठिबकने पाणी वाचले, ही गोष्ट जितकी खरी तितकीच, पाण्याबरोबर येणारी ऊबही ठिबकने कमी झाली, हीही खरी आहे. यावरून कोणी पुन्हा मोकाट पाण्याकडे जावे असे मी म्हणणार नाही. विहिरींना आता ते परवडत नाही. पण सखल भागाचा झडपेचा फाटा वेगळा ठेवला आणि लाटेच्या रात्री तेवढ्याच ओळींना तिप्पट-चौपट पाणी दिले, तर हिशेब पुष्कळ बरा जमतो. आम्ही तसेच करतो.

अडचण विजेची. शेतकऱ्याला दिवसाची वीज हवी असते आणि ती मागणी रास्त आहे; रात्री-अपरात्री चिखलात उभे राहणे ज्याने केले त्यालाच ते कळते. हिवाळ्यातील दहा-पंधरा रात्री मात्र पहाटेची वीज बागायतदाराला सोन्याच्या मोलाची असते. ती नसेल तर दुपारी पाणी द्यावे. ओली, दाबून बसलेली काळी जमीन दिवसाचे ऊन खोलवर साठवते आणि रात्री परत देते. कोरडी, नुकतीच कोळपलेली भुसभुशीत जमीन मात्र वरच्यावर तापते आणि लगेच निवते, कारण तिच्यात अडकलेली हवा उष्णतेची वाहक नाही. थंडीच्या लाटेच्या तोंडावर कोळपणी करू नये, ती यासाठी.

इथे आच्छादनाबद्दलही बोलले पाहिजे. वाळलेली केळीची पाने, उसाचे पाचट खोडाभोवती पसरावे असा सल्ला दिला जातो. त्याने मुळे उबदार राहतात हे निश्चित. पण तेच आच्छादन जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, आणि वरची हवा अधिक गार होते. ऑक्टोबरात लावलेल्या कांदेबागेतील टिचभर रोपांना, ज्यांची पाने जमिनीलगतच असतात, सरसकट जाड आच्छादन म्हणूनच घातक ठरू शकते. मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती घालावे, ओळींमधला पट्टा उघडा ठेवावा, असा माझा मध्यम मार्ग आहे.

निंबोळी पेंडीविषयी माझे मत अनेकांना रुचणार नाही. थंडीत झाडामागे पाव ते अर्धा किलो पेंड द्यावी, ती कुजताना ऊब निघते, असे सांगतात. अर्धा किलो पेंड पूर्ण कुजली तरी तिच्यातून दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास ऊब निघेल, आणि तीही अडीच-तीन महिन्यांत विभागून. म्हणजे दिवसाला पंचवीसच्या आसपास. एका झाडाच्या वाट्याची रात्रीची तूट चौदाशेची आहे. पेंड जरूर द्यावी. ती मुळांना बळ देते, सूत्रकृमींना आवरते, सावकाश नत्र पुरवते. फक्त तिला शेकोटी समजू नये. पालाशाची मात्रा थंडीआधी पुरी करणे हेही असेच झाडाची सोशिकता वाढवण्याचे काम आहे.

घडाचे संरक्षण त्या मानाने सोपे. जुने लोक केळीचीच वाळलेली पाने घडाभोवती लपेटून सुतळीने बांधीत. आता छिद्रे असलेल्या प्लॅस्टिकच्या स्कर्टिंग बॅगा मिळतात. त्या वरून बांधून खालचे तोंड मोकळे ठेवावे. बंद केले तर आत घाम साचून फळ सडते. पिशवीतली ऊब एक-दोन अंशांचीच, पण कोरडा वारा फळाला लागत नाही आणि चरक्याचे डाग कमी होतात.

या सर्वांहून मोठा उपाय लागवडीच्या तारखेत आहे. ऊतिसंवर्धित ग्रँड नैन सात-साडेसात महिन्यांत निसवते. जूनच्या पहिल्या आठवड्यात लावली की तिचे कमळ जानेवारीच्या ऐन थंडीत खोडात चढत असते. बसराईच्या काळात वाढ सावकाश असल्याने ही गाठ पडत नव्हती. जातीबरोबर तारीखही बदलायला हवी होती. आपण जात बदलली, तारीख मात्र आजोबांचीच ठेवली. काकांनी अखेर खालच्या ओळींत केळ लावणेच सोडले. तिथे आता पेरू आहे. पेरूला आमची थंडी बाधत नाही. उलट फळाला गोडी येते.

हा शहाणपणा महागात शिकलेले आपण एकटेच नाही. ब्राझीलच्या पाराना प्रांतात १८ जुलै १९७५ रोजी, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, एकाच रात्रीत कॉफीचे मळे काळे पडले आणि जगभर कॉफी महागली. अमेरिकेत फ्लोरिडातील संत्र्याच्या बागा डिसेंबर १८९४ आणि फेब्रुवारी १८९५ अशा दोन तडाख्यांत गेल्या, आणि बागायतदार दक्षिणेकडे सरकले. तिकडे झाडांवर रात्रभर तुषारसिंचन करण्याची रीत आहे. पाणी गोठताना ग्रॅममागे ऐंशी कॅलरी सोडते आणि बर्फाखालची कळी शून्याच्या फार खाली जात नाही. आपल्याकडे कोणी ते वाचून केळीच्या पानांवर फवारे मारले तर मात्र घात होईल. आपला पारा शून्यापर्यंत जात नाही, पाणी गोठत नाही. कोरड्या हवेत त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पानातूनच उष्णता ओढून घेते. दुसऱ्याचा उपाय उचलताना त्याचा पारा किती होता ते आधी विचारावे.

इतर फळझाडांचे थोडक्यात सांगतो. पपई केळीइतकीच नाजूक. आंब्याचे मोठे झाड सोसते, पण दोन-तीन वर्षांच्या कलमांवर गवताची झोपडी करावी लागते. तिची आग्नेयेकडील बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन लवकर आत येते. द्राक्षात थंडीने मणी तडकतात आणि हिरव्या मालात गुलाबी मणी येतात, हे नाशिकचेच नव्हे तर विजापूरकडचे मित्रही सांगतील.

आणि एवढे करूनही चरका बसलाच तर? पहिला मोह होतो तो करपलेली पाने लगेच छाटण्याचा. तसे करू नये. वाळलेले पानसुद्धा पुढच्या रात्री खालच्या खोडावर आणि घडावर छत्रीसारखे राहते. करप्या रोगाचे डाग असलेला भाग तेवढा कापून बागेबाहेर न्यावा, बाकीचे लाट ओसरेपर्यंत राहू द्यावे. पोंगा जिवंत आहे का ते पाहावे. संक्रांतीनंतर ऊन तापू लागले आणि नवे पान सरळ वर आले तर झाड घड देते. पोंगा कुजला असेल तर त्या झाडाची आशा सोडून बुंध्याशी एक तजेलदार पिल राखावे.

गेल्या सुट्टीत गेलो तेव्हा ते सहा तापमापक अजून बांबूंवरच होते. एकाची काच तडकली होती. सालदार म्हाताऱ्याला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून काकांनी प्रत्येक काचेवर दहाच्या रेघेपाशी लाल दोरा बांधला आहे. पारा दोऱ्याखाली गेला की तो काकांना उठवतो आणि दोघे खालच्या फाट्याची झडप उघडायला जातात.